बुडालेल्या गावांचे रस्ते पाण्यापर्यंत खुले करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. कार्यकारी संचालक, महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ, पुणे
आणि जलाशयांकाठच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य

विषय : जिल्ह्यातील जलाशयांच्या काठांवर सर्वसामान्यांना मोकळी वाट मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील सहा मोठ्या धरणांत मिळून जवळपास दीडशे टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावते. कोयनेचा शिवसागर १०५.२५ टीएमसी, धोम १३.५०, कण्हेर १०.१०, उरमोडी ९.९६, तारळी ५.८५ आणि धोम-बलकवडी ४.०८. मी साताऱ्यातील एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हे आकडे माझ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत. पण यातल्या कोणत्या पाण्याला तुम्ही हात लावला आहे, असे वर्गात विचारले की ज्यांचे आजोळ शिवसागराकाठी बामणोली-तापोळ्याकडे आहे अशा मोजक्या मुलांचेच हात वर येतात. बाकीच्यांनी धरण पाहिले ते एसटीच्या खिडकीतून, नाहीतर सज्जनगडाच्या तटावरून खाली चकाकणारे उरमोडीचे पाणी.

हे पत्र त्या बाकीच्यांसाठी आहे. रविवारी चार घास डब्यात बांधून, मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या आईला घेऊन पाण्याकाठी दोन तास बसावे, एवढीच ज्यांची इच्छा असते आणि ज्यांना त्यासाठी जागा सापडत नाही, अशी माणसे जिल्ह्यात पुष्कळ आहेत. रिसॉर्टचे भाडे त्यांना परवडत नाही. तिकीट काढून स्पीडबोटीत बसण्याची त्यांना हौस असेलच असे नाही. त्यांना वाट हवी आहे, सावलीचे झाड हवे आहे आणि पाण्यापर्यंत सुखरूप उतरता येईल असा काठ हवा आहे. माझे मागणे एवढेच आहे की प्रत्येक मोठ्या जलाशयावर अशा काही जागा, विनातिकीट, कायमच्या लोकांसाठी राखून ठेवाव्यात. त्यासाठी जमीन विकत घ्यावी लागणार नाही, कारण पाण्यापर्यंत जाणारे रस्ते आधीच आहेत. ते बुडालेल्या गावांचे रस्ते आहेत.

धरणात गाव जाते तेव्हा घरे बुडतात, देवळे बुडतात, काळी कसदार जमीन बुडते. रस्ता मात्र पुरता बुडत नाही. वरच्या मोठ्या सडकेवरून नदीकाठच्या गावात उतरणारी गाडीवाट, शेजारच्या गावच्या बाजाराला जाणारी वाट, गुरांना नदीवर नेणारी पाणंद, या सगळ्यांचा खालचा भाग पाण्याखाली गेला आणि वरचा तुकडा पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर चढते त्या रेषेच्या, वर कोरडा राहिला. गाव उठून दुसरीकडे वसले, वापर थांबला, वाटेवर घाणेरी माजली. पण भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा काढून बघा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता तिथे दोन तुटक रेषांनी दाखवलेला दिसेल. पायमार्ग एका तुटक रेषेने दिसेल आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असेल. गाव उठले म्हणून या रेषा पुसल्या जात नाहीत आणि वापर थांबला म्हणून वाट शेजारच्या सातबाऱ्यात आपोआप जाऊन बसत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० मी मुद्दाम वाचले. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, नद्या-नाल्यांचे आणि तलावांचे तळ, साचलेले आणि वाहते पाणी, यांतले जे कुणाच्या कायदेशीर मालकीचे नाही ते राज्य शासनाचे, असे ते सांगते. शिवाय धरणासाठी झालेले भूसंपादन साधारणपणे पूर्ण संचय पातळीपर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही वरपर्यंत झालेले असते. म्हणजे पाणी भरलेले असताना त्याची कड शासनाच्या जमिनीवर असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडणारा सगळा पट्टाही शासनाचाच असतो. रस्ता लोकांचा, काठ लोकांचा, पाणी लोकांचे. मध्ये उभे असलेले फाटक तेवढे लोकांचे नाही.

असे एक फाटक मी स्वतः पाहिले. जलाशयाचे आणि त्या जागेचे नाव इथे घेत नाही, कारण प्रश्न एका मालकाचा नाही. आमच्यासोबत त्या बुडीत गावात जन्मलेल्या एक आजी होत्या. रस्ता त्यांनीच दाखवला, कारण लग्नाची वरात त्याच वाटेने गेली होती. वाट जिथे उताराला लागते तिथे लोखंडी फाटक होते आणि फाटकावरच्या माणसाने सांगितले की पाण्याकडे जायचे असेल तर आत जेवण घ्यावे लागेल. तो माणूस नोकरी करत होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या बाईच्या घरावर हे पाणी उभे आहे तिला त्या पाण्याच्या काठावर जायला परवानगी मागावी लागावी, हे मला आजही सहन होत नाही. परत येताना आजी काही बोलल्या नाहीत. मीच बोलत राहिले.

आता घाई का, तेही सांगते. धरणांलगतच्या शासकीय जागा आणि जुनी विश्रामगृहे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी विकसकांना देऊन पर्यटन वाढवायचे, असे राज्याचे धोरण आहे. २०१९ मध्ये रस्ते विकास महामंडळाला नवीन महाबळेश्वर या नव्या गिरिस्थान प्रकल्पाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या २३५ गावांपासून त्या नियोजनाची सुरुवात झाली आणि त्यात शिवसागराच्या काठची कितीतरी गावे आहेत. कोयनेच्या जलाशयावर सुरक्षेच्या कारणाने वर्षानुवर्षे असलेले निर्बंध शिथिल झाले आणि मार्च २०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झाले. मला या गोष्टींचा दुस्वास नाही. जावळीच्या पोराला मुंबईच्या माथाडी बाजारात जाण्याऐवजी गावातच बोट चालवायचे काम मिळत असेल तर मी टाळ्या वाजवीन. पण तिकिटाचा खेळ आणि मोकळा काठ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. उलट, नकाशावर लोकांची वाट आधी राखली नाही तर भाडेपट्ट्याच्या चतुःसीमेत ती गुपचूप गिळली जाते आणि मग ती सोडवून घ्यायला एक पिढी कोर्टात जाते.

समुद्रकिनाऱ्याला निदान सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना आवर घालणारे, नियम आहेत. नदीला पूररेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. जलाशयाच्या काठावर सामान्य माणसाने कुठून जावे आणि किती रुंदीच्या पट्ट्यातून चालावे हे सांगणारी अशी एखादी ठळक रेषा माझ्या पाहण्यात नाही. ती आखण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात बियास नदीकाठच्या हॉटेलाला दिलेली जमीन काढून घेताना स्पष्ट सांगितले की नद्या, किनारे, वने यांचे शासन हे विश्वस्त आहे आणि विश्वस्ताने ती संपत्ती खासगी वापरासाठी देऊन टाकायची नसते. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्यासाठी योजना आखा, असे त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले. हे निकाल आपल्याला माहीत आहेत. इथे लिहिले ते काठावरच्या सरपंचांनी वाचावे म्हणून.

पाण्याकाठी सगळ्यांना जागा असावी, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वाईला जाऊन बघा. पेशवाईत सरदार रास्ते घराण्याने आणि इतर मातब्बरांनी कृष्णेवर घाट बांधले, ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये उभे राहिले. मेणवलीला नाना फडणवीसांनी वाड्याच्या पाठीशी घाट बांधला. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर देवळांसोबत पायऱ्या आल्या. पैसा श्रीमंतांचा होता, पण पायऱ्या धुणे धुणाऱ्या बाईच्या, पोहणाऱ्या पोरांच्या आणि संध्याकाळी वारा खायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही कामी आल्या. त्या जुन्या गवंड्यांची समज बघण्यासारखी आहे. नदी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात पार तळाला जाते, म्हणून त्यांनी पायऱ्या इतक्या खोलवर नेल्या की कुठल्याही महिन्यात पाण्याशी बसायला एक तरी टप्पा मिळावा. आजही कृष्णाबाईचा उत्सव वाईत आळीपाळीने एकेका घाटावर होतो, मंडप पडतो, पंगती बसतात. नदीकाठ म्हणजे गावाचे अंगण, असे मानणाऱ्या लोकांचे आपण वारस आहोत. आणि धरणाच्या पाण्याची पातळी तर नदीपेक्षा कितीतरी जास्त वर-खाली होते. तिथे पूर्ण संचय पातळीपासून खाली उतरत गेलेला, उन्हाळ्यात बांधून काढलेला दगडी घाट हेच खरे उत्तर आहे. रंगीत टाइल्सचा चौथरा आणि सेल्फी पॉइंट हे उत्तर नव्हे, कारण जानेवारीनंतर पाणी तिथून लांब गेलेले असते.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर कऱ्हाडचा प्रीतिसंगम आहे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या जागी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, घाट आहे. कोणत्याही संध्याकाळी जा. कॉलेजातली पोरे, शेंगा विकणाऱ्या बाया, नातवाला घेऊन आलेले आजोबा, डोक्यावर पदर घेऊन नदीकडे बघत बसलेल्या खेड्यातल्या बायका, सगळे एका काठावर असतात. तिथे कुणी विचारत नाही की तुम्ही कुणाचे पाहुणे. कोल्हापूरकरांना रंकाळा आहे. सातारकरांना मात्र घराजवळ महादरे तळ्याकडचे फिरणे सोडले तर कासच्या वाटेवर गाडी थांबवून कठड्यावर बसावे लागते.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवला. तिथे गर्दीने कोंडी होते, घोड्यांची लीद आणि मक्याची कणसे पडलेली असतात, हे सगळे खरे आहे. तरीही त्या तलावाच्या कडेने सार्वजनिक रस्ता जातो, म्हणून खिशात दहा रुपये असलेला माणूसही तिथे पाणी बघत उभा राहू शकतो. तो रस्ता नसता तर आज तिथे हॉटेलांच्या भिंती असत्या.

आता तुमच्या मनातली पहिली शंका. लोक आले की बुडतील. दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात तशा बातम्या येतात, आणि शिक्षिका म्हणून त्या बातम्यांतले वय वाचताना माझा श्वास अडकतो. या शंकेला मी हलके घेत नाही. पण ही मुले बुडतात कुठे, ते बघा. जिथे परवानगी नाही, फलक नाही, माणूस नाही, अशा आडजागी. बुडीत क्षेत्राच्या तळात जुन्या विहिरी आहेत, पडक्या घरांची जोती आहेत, तोडलेल्या झाडांची खोडे आहेत. वरून पाणी शांत दिसते आणि दुसऱ्या पावलाला जमीन संपते. ओसरत्या पाण्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेतो. ज्या गावाने तो तळ एके काळी नांगरला आहे, त्या गावातल्या साठीपुढच्या माणसांना विहीर कुठे होती आणि खडकाळ माळ कुठे होता हे अजून ठाऊक आहे. त्यांना सोबत घेऊन, मे महिन्यात पाणी तळाला असताना, पाण्यात उतरायला योग्य अशी मुरमाड, मंद उताराची जागा निवडता येईल. तिथे जुनी विहीर असेल तर ती बुजवता येईल. पाण्यात दोर आणि तरंगत्या पिंपांची रांग टाकून हद्द आखता येईल. सुट्टीच्या दिवशी गावातलेच दोन पट्टीचे पोहणारे, प्रशिक्षण देऊन, मानधनावर तिथे बसवता येतील. भिंत, सांडवा, दरवाजे आणि वीजगृहाजवळचा भाग कडेकोट बंदच राहिला पाहिजे. पावसाळ्यात धरणात येणारे पाणी जोरात असताना घाटही बंद राहील, त्यावर कुणी तक्रार करणार नाही.

पोहण्याबद्दल आणखी थोडे लिहिते, कारण माझ्या डोळ्यांसमोर एक कौशल्य संपत चालले आहे. आमच्या आधीच्या पिढीला पोहायला शिकवले ते विहिरीने. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा, चुलत्याने वरून ढकलायचे, चार दिवसांत पोर सूर मारायला आणि मुटके टाकायला तयार. आता गावोगावच्या विहिरींवर मोटारी बसल्या, कित्येक विहिरींवर जाळी आली, कित्येक कोरड्या पडल्या. तालुक्याला पोहण्याचा तलाव असलाच तर त्याची फी आणि वेळ शेतमजुराच्या मुलाला जमणारी नसते. म्हणजे दीडशे टीएमसी पाण्याच्या जिल्ह्यात न पोहता येणारी मुले वाढत आहेत आणि तीच मुले दहावीच्या परीक्षा संपल्या की मोटारसायकलवरून धरणावर जातात. त्यांना अडवणारा फलक त्यांना वाचवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जलाशयाच्या सुरक्षित घाटावर, तज्ज्ञ माणसाच्या नजरेखाली पोहायला शिकवणारे शिबिर त्यांना वाचवेल. आणि ते शिबिर मुलींसाठीही हवे. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून आमच्या मुली काठावर ओढणी सावरत उभ्या राहतात आणि भाऊ पोहतात. चार भिंती आणि पाण्याची एक टाकी एवढ्यावरून अर्ध्या लोकसंख्येला काठ बंद आहे.

दुसरी शंका दारूच्या बाटल्यांची आणि कचऱ्याची. कास तलावाच्या काठावर शनिवार-रविवारनंतर काय पडलेले असते ते साताऱ्यातल्या तरुणांनी स्वच्छता मोहिमा काढून गोण्या भरभरून दाखवले आहे. ते पाणी सातारा शहर पिते, म्हणून तिथला संताप रास्त आहे. पण काठ उकिरडा होतो तो राखणदार नसल्यामुळे, आणि कुटुंबे जिथे बसत नाहीत तिथे मद्यपींचे फावते. बायकामुले, शाळेच्या सहली, सकाळी फिरणारी मंडळी जिथे रोज दिसतात तिथे बाटली उघडायला माणूस कचरतो. कास पठारानेच हे शिकवले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, कासकडे लोंढे वळले. तेव्हा वन विभागाने आसपासच्या गावांची संयुक्त समिती उभी केली, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, फुलांच्या हंगामात शुल्क घेऊन त्यातून गावातल्या तरुण-तरुणींना मार्गदर्शक आणि राखणदार म्हणून काम दिले. उणिवा तिथेही आहेत. पठाराभोवती घातलेली जाळी पुढे काढावी लागली, कारण गुरांची वाट बंद झाल्याने फुलांचेच नुकसान होते, असे स्थानिक आणि अभ्यासक सांगत राहिले. मला त्यातून एवढे कळते की जागा राखायची असेल तर माणसे लावावीत, कुंपण लावून काम होत नाही. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांना बामणोलीतून बोट घेऊन वन विभागाच्या परवानगीने जावे लागते, सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत ठेवावी लागते, संध्याकाळपूर्वी परतावे लागते. लोक हे सगळे निमूटपणे पाळतात. नियम स्पष्ट असला आणि तो सांगायला माणूस उभा असला की आपले लोक ऐकतात, हा माझा शाळेतला आणि शाळेबाहेरचा अनुभव आहे.

सगळे काठ सगळ्यांना उघडा, असे मी म्हणत नाही, हेही नीट नोंदवून ठेवते. शिवसागराचा पश्चिमेकडचा काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आहे. तिथे आज आहेत तेच निर्बंध योग्य आहेत. खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याची वाडी या तलावांवर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. त्या पाण्यात बोट तर नकोच, काठावर डीजेही नको. लांबून बघायला मचाण आणि दुर्बीण पुरे. कासच्या पाण्यात कुणी पाय बुडवू नयेत, काठाने फिरावे आणि घरी यावे. पण म्हणूनच कण्हेर, उरमोडी, धोम, तारळी इथे उतरायला जागा हवी. एकीकडे नाही म्हणायचे असेल तर दुसरीकडे हो म्हणावे लागते, नाहीतर लोक दोन्हीकडे चोरवाटेने जातात.

काठावरच्या गावांशी बोलल्याशिवाय यातले काहीही होऊ नये. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरते झालेले नाही. त्यांची आंदोलने आपल्याच कार्यालयासमोर झाली आहेत. जिथे गाळपेर जमिनी, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनी, प्रकल्पग्रस्तांना हंगामापुरत्या दिल्या जातात तिथे पाणी उतरले की हरभरा, गहू, भाजीपाला उभा असतो. फिरायला आलेल्या माणसाने त्या पिकातून गाडी घालायची नाही. वाट ठरलेली असली तर गाळपेर वाचेल, आज वाट नाही म्हणूनच तुडवले जाते. मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी वाळवण्याच्या जागा वेगळ्या राखाव्या लागतील. काठावर चहा, पिठले-भाकरी, मासे, रानमेवा विकण्याचा पहिला हक्क बुडीत गावच्या महिला बचत गटांचा असावा, ठेकेदाराचा नव्हे. बामणोली आणि तापोळ्याला स्थानिकांनी स्वतःचे बोट क्लब उभे करून दाखवले आहेत. जिल्हा परिषदेच्या लाँच शिवसागरात गावकऱ्यांची ने-आण करतात. म्हणजे पाण्यावर व्यवस्था चालवण्याचे ज्ञान इथे आहे, बाहेरून आणायला नको.

पैशाचा प्रश्न मला छोटा वाटतो. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून रोजगार हमीवर पाणंद रस्ते होतात, त्यात या वाटा घेता येतील का ते तपासावे. शाळेतल्या मुलांनी आणि एनएसएसच्या पोरांनी एका आठवड्यात घाणेरी काढून दिली नाही तर मला सांगा. अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ आहे, ते अधिकार तहसीलदारांकडे आहेत आणि शेतरस्त्यांसाठी ते रोज वापरतात.

म्हणून माझी विनंती कण्हेरपासून सुरू होते. धरण साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना आहे, एसटी जाते, त्यामुळे गाडी नसलेल्यांनाही पोहोचता येईल. भूमी अभिलेख आणि जलसंपदा विभागाच्या माणसांनी मिळून कण्हेरच्या बुडीत गावांचे मूळ नकाशे आजच्या भूसंपादन रेषेवर ठेवून बघावेत, पाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या सगळ्या जुन्या वाटांची यादी करावी आणि ती यादी नकाशासह त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ग्रामसभांनी त्यातली आपल्याला चालेल ती एखादी वाट आणि पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलपासून (पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) दूर असलेला एखादा काठ सुचवावा. तिथे पहिला घाट व्हावा, त्यात चाकाची खुर्ची उतरेल असा एक उतारही असावा. हे होईपर्यंत काठालगतची कोणतीही जागा भाडेपट्ट्याने देताना करारात एक अट घालावी, की नकाशावरची वाट आणि पाण्याच्या कडेचा चालण्यापुरता पट्टा लोकांसाठी खुला राहील. ही अट आज घालायला एक ओळ लागेल. करार झाल्यावर ती घालता येणार नाही.

मोजणी उन्हाळ्यातच शक्य आहे, पाणी खाली असताना. माझ्या शाळेतली आठवी-नववीची मुले नकाशावाचन शिकतात. मोजणीच्या दिवशी साखळी धरायला, खुणेचे दगड शोधायला आणि बुडीत गावांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून वाटांची नावे लिहून घ्यायला ती येतील, पालकांची परवानगी घेण्याची जबाबदारी माझी. मार्च संपण्याच्या आत एखादी तारीख कळवावी.

आपली नम्र,
भूगोलाची एक शिक्षिका, सातारा